स्वेटर, ब्रँडी आणि बाम: नाशिकच्या थंडीत कुत्र्या-मांजरांबाबत या चुका टाळा

निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला, की आमच्या कॉलनीतल्या कुत्र्यांच्या अंगावर स्वेटर चढतात. हौसेने चढवलेले हे स्वेटर दुपारी एक वाजताही अंगावरच असतात. तोवर ऊन चांगलं २८-३० अंशांवर गेलेलं असतं आणि कुत्रं जीभ बाहेर काढून सावली शोधत असतं. नाशिकचा हिवाळा असाच आहे. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो. इथल्या पाळीव जनावरांना थंडी बाधते, पण त्याहून जास्त वेळा आपले उपाय बाधतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

सरसकट स्वेटर

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर ऊब धरतो आणि बाहेरचा वारा अडवतो. नाशिकच्या थंडीला तेवढं पुरतं. खरी गरज असते ती कारवानी किंवा मुधोळसारख्या आखूड केसांच्या, सडसडीत कुत्र्यांना, पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना. त्यांनाही रात्री आणि पहाटेच्या फेरीला घालायचा आणि ऊन अंगावर आलं की काढायचा. दवाने ओला झालेला स्वेटर तर नसलेलाच बरा. मांजराच्या वाटेला जाऊच नये. स्वेटर घातलेलं मांजर आडवं पडतं आणि जगाशी संबंध तोडतं. त्याला एक खोका आणि आत घडी घातलेली जुनी गोधडी द्या, जागा ते स्वतः ठरवेल.

कुत्र्याचं अंथरूण मात्र जमिनीपासून थोडं वर हवं. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. गोणपाट, त्यावर चटई आणि वर गोधडी, एवढं बास. ही गोधडी आठवड्यातून दोनदा उन्हात टाका. गोचीड थंडीत मरतात हाही एक गैरसमज आहे. आपल्याकडे ते बारा महिने असतात.

गरम पाण्याची पिशवी थेट अंगाखाली

ही चूक माझी स्वतःची. आमच्या तेरा वर्षांच्या कुत्रीची कंबर आखडायची, म्हणून एका रात्री तिच्या अंथरुणात रबरी पिशवी सारली. चटका बसला की तरणं जनावर उठून जातं, पण सांधे धरलेल्या म्हाताऱ्या जनावराला ते जमत नाही. सकाळी काहीच दिसलं नाही. चार-पाच दिवसांनी तिथले केस झडले आणि खाली काळी पडलेली कातडी दिसली. केसांआड भाजलेलं असं उशिराच कळतं. आता पिशवी जाड टॉवेलात गुंडाळते, अंथरुणाच्या एका कडेला ठेवते आणि ती झोपण्याआधी काढून घेते. शेगडी किंवा कोळशाची शेकोटी बंद खोलीत ठेवू नका. त्या धुराने माणसं दगावतात, तर मांजराची काय कथा!

आपल्या डब्यातली औषधं

कुत्रं शिंकलं की घरातलं कोणीतरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पेढ्यात घालून देतं. कुत्र्यालाही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, आणि मांजराला तर कधीच नाही. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या करड्या-तपकिरी पडतात, तोंड सुजतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराच्या जिवावर उठू शकते. आयबुप्रोफेनही तसंच घातक. छातीला बाम, नाकाशी निलगिरी, गळ्यात कापराची पुडी हे सगळं आपल्यासाठी ठीक. जनावर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं, आणि कापूर पोटात जाणं हे विषच.

ब्रँडीचा चमचा हा आणखी एक जुना उपाय. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या त्याने रुंदावतात, म्हणून क्षणभर गरम वाटतं आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. पिल्लाला तर अजिबात देऊ नये.

नाक कोरडं म्हणजे ताप, असंही नसतं. कुत्र्या-मांजराचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. शंका आली तर थर्मामीटर लावा, तोही गुदद्वारात. आकडा ३७ च्या आसपास किंवा खाली असेल आणि जनावर सुस्त असेल, तर ते गारठलंय. कोरड्या कपड्यात गुंडाळा, टॉवेलातली कोमट पाण्याची बाटली छाती-पोटाशी ठेवा आणि दवाखाना गाठा.

द्राक्षं

ही खास आपल्या जिल्ह्याची चूक. जानेवारीपासून मखमलाबाद, दिंडोरी, पिंपळगावकडून पेट्या घरी येऊ लागतात, आणि खाली पडलेलं टपोरं सोनाका जातीचं द्राक्ष कुत्रं मजेत खातं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं आता मानलं जातं. किती खाल्लं तर चालेल, याला उत्तर नाही. एकाला पाच-सहा द्राक्षांनी होतं, दुसरं मूठभर पचवतं. त्यामुळे ‘आमचा तर दरवर्षी खातो’ हा पुरावा धरू नका. काही तासांत उलट्या सुरू होतात, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते. खाल्लेलं दिसलं की उलटी व्हायची वाट न पाहता लगेच निघा, कारण पोट रिकामं करायची वेळ थोडीच असते. डिंकाच्या लाडवातले बेदाणे आणि शिऱ्यातले मनुके यातच आले. लासलगावचा कांदाही, शिजवलेला असला तरी, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणून कांदा घातलेला रस्सा भाकरीवर ओतून देऊ नका. मांजराला तो कुत्र्यापेक्षाही जास्त बाधतो.

बोका लघवीला बसतो, पण होत नाही

थंडीत मांजरं पाणी कमी पितात, लघवी घट्ट होते, खडे धरतात आणि बोक्याची अरुंद मूत्रनळी तुंबते. तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, चाटतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, म्हणून एरंडेल पाजतात. यात जो दिवस जातो तोच महागात पडतो, कारण पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. ट्रेमध्ये थेंबच दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका. आधीपासून काळजी म्हणून पाणी कोमट करून दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणात पातळ रस्सा मिसळा, अर्थात बिनमिठाचा आणि बिनकांद्याचा. दूध हा पर्याय नाही. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही.

गार पडलेल्या पिल्लाला दूध

रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बऱ्याचदा ऐन थंडीत होतात. पहाटेच्या फेरीला एखादं गारठलेलं सापडतं आणि आपण आधी दूध पाजायला धावतो. अंग थंड असताना आतडं चालत नाही, दूध तसंच पडून राहतं किंवा छातीत जातं. आधी ऊब द्या, पिल्लू हलायला-चोखायला लागलं की मग पाजा. ड्रायरचा गरम झोत मारू नका. आणि शेजारी आई दिसत असेल तर पिल्लू तिथून उचलूच नका, फक्त कोरडं पोतं नेऊन टाका.

गाडी काढण्याआधी मात्र बॉनेटवर दोन थापा मारायच्या. रात्री उशिरा लावलेल्या गाडीचं इंजिन कोमट असतं आणि भटकी मांजरं खालून आत शिरतात. आमच्या पार्किंगमध्ये आता वॉचमनकाकाच सकाळी सातला एकेक गाडी थापटत जातात.