जुनं पिनबॉल मशीन चालू होत नाही? आधी या चुका टाळा

पिनबॉल म्हणजे नाणं टाकून, तिरक्या पाटावर पोलादी गोळा फ्लिपरने (बटण दाबल्यावर हलणाऱ्या पट्टीने) उडवत स्कोअर करायचा खेळ. त्याचं जुनं मशीन बंद पडलं की आपल्याकडे पहिला फोन मोटार वायंडिंगवाल्याला जातो. माणूस चुकीचा नाही. कॉइल, रिले (कॉइलने ओढून चालणारा स्विच), पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) ही सगळी त्याच्या रोजच्या हाताखालची कामं. पण तो या मशीनकडे विहिरीवरच्या स्टार्टरसारखं बघतो, आणि तिथेच घोळ होतो. स्टार्टरमध्ये एक कॉइल आणि मोजके पॉइंट असतात. सगळे घासले, घट्ट केले की काम झालं. पिनबॉलमध्ये पत्तीचे पॉइंट शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाचं अंतर ठरवून दिलेलं असतं. नुसतं बंद पडलेलं मशीन बहुतेक वेळा एका पॉइंटवर अडलेलं असतं. कोणीतरी ‘सर्व्हिसिंग’ केलेलं मशीन मात्र वीस ठिकाणी अडतं. माझ्याकडे येणारी मशीनं बहुतेक दुसऱ्या प्रकारची.

इथे बोलतोय ते १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनलेल्या, चिपशिवाय चालणाऱ्या मशीनबद्दल. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या सगळ्या शिकागोच्या कंपन्या. आत रिले, दातेरी चकत्या, स्कोअरची फिरती चाकं आणि एक छोटी मोटार. मुंबईतल्या भंगारातून फिरत फिरत एखादं मशीन जत्रेतल्या खेळवाल्याकडे येतं, मग कोणाच्या तरी कोठ्यात पडून राहतं. तिथे उंदीर, पावसाळ्याची ओल, मे महिन्यात तापणारे टिन, आणि कापूस भरलेल्या कोठ्यात असेल तर पॉइंटांवर बसलेलं बारीक कापसाचं तूस.

लाइन न तपासता प्लग घालणं

अमेरिकेतून आलेलं मशीन ११५ व्होल्टचं असतं. काहींच्या ट्रान्सफॉर्मरवर २३० चा टॅप (त्या व्होल्टेजसाठीचं जोडणीचं टोक) असतो, बऱ्याचांवर नसतो. ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या सॉकेटमध्ये प्लग घालू नका. टॅप नसेल तर तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडून २३० चे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. ५०० व्हीए क्षमतेचा, आणि दोन वेगळ्या वायंडिंगचा. बॅगेत मावणारे स्वस्त इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे कामाचे नाहीत. तिकडची लाइन ६० सायकलची, आपली ५०. त्यामुळे मोटार थोडी मंद फिरते. तो बिघाड नाही, त्याच्यामागे लागू नका.

दुसरं, व्होल्टेज दुपारी मोजून समाधान मानू नका. रब्बीच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की गावातले बल्ब पिवळे पडतात, तशीच मशीनमधली रिले अर्धवट ओढते आणि फडफडते. लोक रिले बदलायला धावतात. मीटर लावून ठेवा आणि कॉइल ओढते त्या क्षणी काटा किती पडतो ते बघा.

अर्थिंग. जुन्या मशीनला पुष्कळदा दोनच वायर असतात, आणि पाय, कडेच्या पट्ट्या, नाण्याचं दार सगळं लोखंडी. मातीच्या जमिनीवर अनवाणी पोरं खेळणार. तीन पिनची केबल टाका, अर्थची वायर दारापर्यंत आणि पायांपर्यंत न्या, आणि सॉकेटच्या मागे खरंच अर्थिंग आहे की नुसतंच भोक आहे तेही बघून घ्या. याच्यात हयगय नको.

फ्यूजच्या जागी तार

किटकॅटला तार बांधायची सवय हाताला इतकी बसलेली असते की काचेचा फ्यूज उडाला तरी हात आपोआप तारेकडेच जातो. फ्यूजजवळच्या कागदावर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढेच घाला. तपासताना फ्यूज क्लिपमधून काढून मीटर लावा, नुसता डोळ्याने पाहू नका. क्लिपाही बघा. जुन्या क्लिपा ढिल्या पडतात, फ्यूज चांगला असतो आणि लाइन पुढे जातच नाही.

कुठपर्यंत येतं, हे न बघताच मशीन उघडणं

‘चालू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड असतात. आधी ऐका, बघा, मग हात लावा.

एकही दिवा लागत नसेल तर लाइन आणि फ्यूज झाल्यावर एक साधी गोष्ट करा, डाव्या फ्लिपरचं बटण दाबा. काही मशीनमध्ये स्विच टाकला तरी दिवे लागत नाहीत, हे बटण दाबल्यावर एक रिले ओढते आणि मग मशीन जागं होतं. ती रिले धरून राहत नसेल तर नाण्याच्या दाराजवळचा स्लॅम स्विच बघा. मशीनला लाथ मारणाऱ्याला आवरायला तो असतो. कित्येक मॉडेलमध्ये तो कायम जुळलेला असावा लागतो. पत्ती जराशी वाकली की मशीन समजतं, कोणी तरी सारखं लाथाच मारतंय.

दिवे आहेत, पण स्टार्टचं बटण दाबल्यावर काहीच होत नाही? क्रेडिटचं (जमा खेळ दाखवणारं) चाक शून्यावर असेल तर मशीन बरोबरच वागतंय. नाणं आत जात नाही, क्रेडिट नाही, म्हणून खेळ नाही. दार उघडून नाण्याच्या स्विचची तार बोटाने हलवा आणि चाक एक घर पुढे जातं का बघा. त्यानंतर गोळा. ही मशीनं गोळा खाली खळग्यात बसलेला असल्याशिवाय बहुधा सुरूच होत नाहीत, आणि २७ मिलिमीटरचा चकचकीत पोलादी गोळा गावातल्या पोरांच्या खिशात जायला वेळ लागत नाही. त्याच मापाचा, डाग नसलेला बेअरिंगचा गोळा चालतो. गंजलेला नको, तो पाटाचा रंग खरवडतो.

मशीन छोट्या हत्तीतून आणलं असेल तर वरचं डोकं आणि खालची पेटी जोडणारे मोठे चौकोनी प्लग सगळ्यात आधी बघा. बहिरमच्या जत्रेपर्यंतचा रस्ता झाला की ते निम्मे निसटलेले असतात. लाइन बंद करून काढा, पिना बारीक पॉलिश पेपरने उजळवा, परत घट्ट बसवा. निम्मी कामं इथेच निपटतात, पण हे कोणाला दुरुस्ती वाटत नाही.

मोटार फिरतच राहिली तरी मशीन चालू ठेवणं

यावर जास्त लिहितो, कारण मशीन खरं मरतं ते इथे. स्टार्ट दाबलं की मोटार फिरते आणि तिच्यावरच्या चकत्या स्कोअरच्या प्रत्येक चाकाला ठोके पाठवतात. प्रत्येक चाक एकेक आकडा सरकत शून्यावर येतं. तिथे आलं की त्याचा शून्याचा स्विच उघडतो आणि त्या चाकाचे ठोके थांबतात. सगळी चाकं शून्यावर आली की मोटार आपल्या जागी थांबते आणि गोळा बाहेर येतो. आता समजा एक चाक सातावर अडलं. मोटार फिरते, ठोके पडतात, चाक हलत नाही, मोटार पुन्हा फिरते. हे थांबवायला मशीनमध्ये दुसरं काही नाही.

लोकांचा फोन येतो तो याच वेळी.

“भाऊ, मशीन नुसतं टकटक करून राह्यलं. काय करू?”

“आधी प्लग काढा, काकाजी. मग बोला.”

“पण चालू तर झालं ना जी?”

नाही झालं. त्या कॉइल क्षणभराच्या ठोक्यासाठी बनवलेल्या असतात. काही मिनिटं सतत मार बसला की वार्निश जळल्याचा वास येतो, बाहेरचा कागद काळा पडतो आणि आतली नळी वितळून दांडा तिथेच अडकतो. म्हणजे एका मळलेल्या पॉइंटचं काम जळलेल्या कॉइलवर जातं.

प्लग काढल्यावर मागचं दार उघडा आणि कुठलं चाक शून्यावर नाही ते बघा. त्याचा दांडा बोटाने आत दाबा आणि सोडा. चांगलं चाक खटकन पुढचा आकडा दाखवतं. बिघडलेलं मुरतमुरत, रेंगाळत परत येतं, किंवा येतच नाही. असाच दाबत दाबत त्याला शून्यावर आणा, मग मशीन चालू करून स्टार्ट दाबा. मोटार एका फेऱ्यात थांबली तर दोष त्याच चाकात. थांबली नाही तर गोळे मोजणारी चकती, किंवा मोटार ‘घरी’ आली हे सांगणारा पॉइंट यांच्याकडे वळा.

रेंगाळणाऱ्या चाकाचं कारण बहुतेक एकच असतं, जुनं ग्रीस. आपल्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन सरकतं आणि नंतर डिंकासारखं घट्ट होतं. चाक खोला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडं होऊ द्या आणि बसवा. दांडा आणि कॉइलची नळी कोरडीच राहिली पाहिजे. तिथे तेलाचा थेंबही नको.

तेलाचा फवारा

गंजलेला नट सुटायला डबलू-डी फोर्टी उत्तम. पिनबॉलमध्ये तो मारला की दोन गोष्टी होतात. त्याचा थर धूळ आणि तूस धरतो, तेच पुढे चिकट होतं. शिवाय तो पेट घेणारा पदार्थ, आणि इथे प्रत्येक पॉइंट उघडताना ठिणगी पडते. भोवती पन्नास वर्षांचं वाळलेलं लाकूड. रॉकेलचंही तेच. चकत्यांवर फिरणाऱ्या पत्त्यांना खास ग्रीसचा अगदी पुसट हात चालतो, एवढंच.

सगळे पॉइंट कानशीने घासणं

बहुतेक रिलेंचे पॉइंट चांदीचे, मऊ. कानस फिरवली की चांदी जाते आणि जागा सपाट न राहता एका कडेवरच टेकते. लाइन बंद करा, जाड कागदाची पट्टी दोन पॉइंटांत घाला, बोटाने हलकं दाबा आणि ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ यायची थांबली की पुरे. फ्लिपरचे पॉइंट टंगस्टनचे, कडक असतात. त्यांनाच कानस चालते.

पत्ती वाकवण्याआधी बघा: पॉइंट टेकल्यावर दोन्ही पत्त्या किंचित पुढे सरकल्या पाहिजेत, म्हणजे एकमेकांना घासल्या पाहिजेत. नुसतं टेकणं पुरत नाही. उघडे असताना मध्ये साधारण दीड मिलिमीटर फट असावी. आणि ज्या पॉइंटवर संशय नाही त्याला वाकवायचं नाही. वायरिंगचा नकाशा हातात नसताना शेजारची पत्ती ‘जरा वाकडी दिसते’ म्हणून सरळ करणारा माणूस पुढच्या आठवड्यात मशीन घेऊन माझ्याकडे येतो.

संशयाचा पॉइंट नक्की करायला दोन टोकांना मगर-क्लिपा लावलेली वायर पुरते. कॉइलच्या २४ ते ५० व्होल्टच्या बाजूलाच ती वापरा, २३० किंवा ११५ च्या बाजूला चुकूनही नाही. जुळलेला राहायला हवा असा पॉइंट क्षणभर वायरने जोडला आणि मशीन पुढे सरकलं, तर दोषी सापडला. मीटरने बीप घेऊन तपासताना मात्र फसगत होते. करंटला दुसऱ्या वाटेनेही जाता येतं आणि उघडा पॉइंटही जुळलेला वाटतो. त्याच्यामध्ये कागदाचा तुकडा घालूनही बीप येत असेल तर ती बीप दुसऱ्याच वाटेची.

कॉइल गुंडाळून लगेच बसवणं

कॉइल जळलीच असेल तर वायंडिंगवाल्याला नुसतं माप देऊ नका. कागदावर छापलेला नंबर वाचता येत असेल तर उतरवून घ्या. तसलीच दुसरी चांगली कॉइल मशीनमध्ये असेल तर एक टोक सोडवून तिचा रोध मोजा. जुनी कॉइल उलगडताना वेढे मोजायला आणि तारेचा गेज घ्यायला सांगा. नवी बसवण्याआधी तिला करंट देणारा पॉइंट बोटाने दाबून बघा. तो चिकटून बसलेला असेल, तर नवी कॉइलही स्टार्ट दाबल्याबरोबर तापायला लागेल.