रेस्क्यू केलेलं कुत्रं घरी आणलंय? मग या चुका टाळा

आमच्या कायीला (काळीच ती, पण जळगावकडे ळ चा य होतो) मे महिन्यात केळीच्या ट्रकखालून उचललं आणि पहिल्या आठवड्यातच मी जवळपास सगळ्या चुका करून बसलो, तरी ती दरवेळी शेपूट हलवत जवळ यायची. खरा घोळ इथंच होतो, कुत्रं माफ करून टाकतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरोबर चाललंय.

कानामागच्या जखमेत अळ्या पडलेल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या फिनाईल ओत, मी ओतलं. ती किंचाळत कपाटामागे घुसली आणि तासाभराने येऊन माझा तोच हात चाटला. फिनाईल, रॉकेल काही टाकू नका, आतलं मांस भाजतं आणि चाटलं की विष पोटात जातं. अळ्या डॉक्टरांनाच काढू द्या.

उपाशी दिसतंय म्हणून पातेलंभर दूध-पोळी? जुलाब नक्की. मऊ भात, उकडलेलं चिकन, थोडं थोडं, दिवसातून 4-5 वेळा. भरीत नाहीतर शेवभाजीचा रस्सा प्रेमाने सुद्धा नको, कांदा-लसणाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नको, आयबुप्रोफेनने किडनी जाते.

आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, पत्र्याखाली बांधू नका. कुत्र्याला घाम फक्त तळव्यांना, बाकी सगळं धापा टाकण्यावर. ऊन लागलंच तर साधं पाणी, पंखा आणि सरळ दवाखाना.

दुखतंय म्हणून चावलं, नुसतं ओरखडलं तरी "आपलंच आहे" म्हणून सोडू नका. चुना-तिखट न लावता 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीला जा.

आणि रेस्क्यूवाल्या पोरांवर ओरडू नका. मी ओरडलो होतो, फिनाईलच्या त्या संध्याकाळी, "तुम्ही लोकं फोटो काढायलाच असता" असं फोनवर बोललो, तो बिचारा तेव्हा भुसावळला दुसऱ्या कुत्र्यापाशी होता, पेट्रोल पण स्वतःच्या खिशातलं. रात्री अकराला बाईकवर मागे डॉक्टरांना बसवून आला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर हातातली सलाईनची बाटली वर धरून म्हणतो, "भाऊ, खिळा आहे का कुठं?"