मास्कवरचं धुकं आणि माझ्या मिश्या

अंदमानातल्या स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहायला, जायचं म्हणून डोळे-नाक झाकणारा नवाकोरा मास्क घेतला आणि आधी नागपुरातच तरणतलावात उतरून पाहिलं. दोन मिनिटांत काच पांढरीफट्ट! पोह्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर राहतो, त्यावर श्वासाची वाफ बारीक थेंबांनी चिकटते. काचेला आतून साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) बोटानं पाच मिनिटं घासली, धुतली, असं चारदा. काचेवर धुकंरोधक लेप असेल तर हा उद्योग करू नका, लेप जातो.

तरी धुकं थोडं यायचंच. दोष माझा होता, मी नाकानं श्वास सोडत होतो. शिवाय मिश्यांमधून पाणी झिरपायचं. मिशी काढा म्हणाले, पण बापा, वीस वर्षांची मिशी! नाकाखालचा पट्टा तेवढा बारीक कापला, वर व्हॅसलीन.

अंदमानात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा थेंब काचेवर फिरवून हलकेच विसळला. कोमट पाणी, बारा मीटर खोली, आणि पोवळ्यांतला पोपटमासा अगदी स्वच्छ दिसला. मिशी शाबूत.