झेंडा शिवायचा तर माया आधी मोजा

ऑगस्ट जवळ आला की इथे ग्वाल्हेरला, लश्करातल्या माझ्या घरी, मशीनवर फक्त तिरंगे असतात. गावात मध्य भारत खादी संघाचे झेंडे होतात. माझं काम घरगुती, पण मापं मानकाचीच. डिसेंबर २०२१ पासून ध्वजसंहितेत पॉलिएस्टरही चालतं. मी मात्र खादीच घेते. हा झेंडा हातच्या सुताचाच असावा असं मला मनापासून वाटतं.

९०० बाय ६०० मिलिमीटरचा झेंडा धरू. तिन्ही पट्टे सारखे, तयार रुंदी २० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, म्हणून २३ रुंद कापा. लांबी साडेचौऱ्याण्णव: दांड्याकडे दीड, मोकळ्या कडेला तीन. वारा त्याच कडेला फाडतो, तिथे दुमड जाड हवी. कापताना एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कात्री चालवा. खादी डोळ्यांच्या अंदाजानं सरळ कापली जात नाही.

पट्टे जोडण्याआधी पांढऱ्या पट्ट्यावर चक्र छापायचं. इथेच माझा एक झेंडा वाया गेला होता. कापड चौपदरी दुमडून मी मध्य काढला, पण दोन्हीकडची माया सारखी नव्हती, त्यामुळे चक्र पाऊण सेंटिमीटर सरकलं. तो मी कुणालाच दिला नाही. मध्य दांड्याकडच्या कापलेल्या कडेपासून साडेशेहेचाळीसवर घ्या, वरून साडेअकरावर. चक्राचा व्यास साडेअठरा, म्हणजे वर-खाली जेमतेम पाऊण सेंटिमीटर पांढरं उरतं. टीप वाकडी गेली तर लगेच दिसतं. २४ आऱ्यांपैकी एक सरळ केशरीकडे असू द्या. एक बाजू वाळली की मध्यातून आणि त्या आऱ्याच्या टोकातून टाचण्या आरपार घाला, मग मागची बाजू छापा.

जोडताना आधी एक टीप. मग पांढऱ्याची माया अर्ध्यावर छाटा, रंगीत मायेनं ती गुंडाळा, रंगीत पट्ट्याकडे पाडा आणि त्याच रंगाच्या दोऱ्यानं दुसरी टीप मारा. पांढऱ्याकडे पाडली तर उन्हात केशरी सावली दिसते.

बाहेरच्या कडा दुमडून घ्या. दांड्याकडे जाड डक खादीचा नेफा, दोन्ही टोकांना टीप उलटसुलट फिरवून पक्की. दोरी ओवताना लाकडी टॉगलचं, म्हणजे दोरीला बांधलेल्या अडकवायच्या खुंटीचं, टोक केशरीकडे काढा. दोरी बांधण्याआधी मी झेंडा टॉगलला धरून उभा लोंबकळता ठेवते आणि केशरी वर आहे ना, हे एकदा बघून घेते.