लाल रेषेचा नकाशा: दोन तासांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

अमेरिकेतला वर्णभेद दोन तासांत शिकवायचा तर सगळा इतिहास हाती घेऊ नका. गुलामगिरीपासून निघालात तर मार्टिन ल्यूथर किंगपर्यंत पोचेस्तोवर वेळ संपतो. एकच धागा धरा: गृहकर्ज. हप्ता आणि डाउन पेमेंट पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

१९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: कुठल्या वस्तीत कर्ज देणं किती धोक्याचं, ते रंगावरून कळे. हे नकाशे रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वालिटी' या संकेतस्थळावर आहेत. बाल्टिमोर किंवा शिकागो निवडा. चार-पाच जणांमागे एक ए-थ्री प्रिंट काढा, तीही रंगीतच. कृष्णधवल झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात आणि वर्ग तिथेच फसतो. लाल आणि हिरव्या अशा एकेका वस्तीचा माहिती-तक्ताही छापा. नुसता नकाशा म्हणजे अर्धीच गोष्ट.

पहिली वीस मिनिटं गटांना नकाशा बघू द्या. हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोकादायक. मग तक्ता वाटा. त्यात कृष्णवर्णीय किती टक्के, परदेशात जन्मलेले कोण, कुणाचा 'शिरकाव' होतोय, असे रकानेच आहेत. ते तुम्ही दाखवू नका, लोकांना सापडू द्या.

पुढचा अर्धा तास आकडेमोड. १९४९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये घर ७,९९० डॉलरला मिळे; माजी सैनिकाला सरकारी हमीचं कर्ज, डाउन पेमेंट शून्य. बांधणारी कंपनी कृष्णवर्णीयांना घर देत नसे. ४ टक्के व्याज आणि २५ वर्षं धरून हप्ता काढायला सांगा. महिना साधारण ४२ डॉलर येतो. शेजारी शिकागोतली कराराची विक्री मांडा. बँक दारात उभी करत नाही म्हणून कृष्णवर्णीय कुटुंब विकणाऱ्यालाच हप्ते भरतं, मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत त्याच्याकडेच. हप्ता चुकला की घरही जाऊ शकतं आणि भरलेले पैसेही. साठेखतावर वर्षानुवर्षं राहायचं आणि खरेदीखत कधी होईल याचा भरवसा नाही, असं सांगितलं की लगेच कळतं.

आता चुका. सगळं खापर या नकाशांवर फोडू नका. ते रंगवणाऱ्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने लाल भागातही कर्जं दिली होती. मोठं नुकसान केलं ते १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या कर्जविम्याच्या नियमांनी; कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कर्जांना ते विमाच नाकारत. लाल पट्ट्यांत गरीब गोरेही पुष्कळ होते, हे आधीच सांगा. नाहीतर कुणीतरी तक्त्यातून दाखवून देईल आणि तुम्ही अडकाल. घरांच्या व्यवहारात वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यापाशी थांबू नका. २०२२ मध्ये संपत्तीच्या क्रमवारीत बरोबर मधोमध येणाऱ्या (मीडियन) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर होती, तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. या दरीला कारणं अनेक आहेत, पण मुलांच्या हाती येणारं घर हे त्यातलं ठळक.

जातीशी तुलना लोक पाचव्या मिनिटालाच सुरू करतात. ती शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा, कारण सामग्री भरपूर आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. मग पुण्यात आडनाव विचारून भाड्याचं घर नाकारण्याचा विषय निघेलच. इथला नकार बहुधा फोनवर, तोंडी असतो. तेव्हा गटांना विचारा, अमेरिकेतल्या त्या तक्त्याच्या जागी इथे पुरावा म्हणून काय गोळा करता येईल: जाहिरातीतली ओळ, सोसायटीचा ठराव, दलालाचा मेसेज?