परळच्या चाळीचा कठडा कुठे गेला?

शहराचा थ्रीडी डेटा व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे छोट्या घनाकृती खोक्यांत, आणायच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. मेश, प्रोजेक्शन, एलओडी तुम्हाला ठाऊक असणारच. मी तीन आठवडे जिथे रुतून बसले तेवढंच सांगते.

सराव केला थ्रीडीबॅगवर, म्हणजे नेदरलँड्सच्या इमारतींच्या खुल्या थ्रीडी डेटावर. रॉटरडॅमच्या इमारती, १० सेंटीमीटरचे व्हॉक्सेल, सगळं सुरळीत. मग ऑफिसात परळच्या एका चाळीचं मॉडेल हातात आलं. कोड तोच. आणि उत्तरेकडच्या गॅलरीचा कठडा सगळ्या मजल्यांवरून गायब! दक्षिणेचा मात्र किल्ल्याच्या तटासारखा जाड. पूर्व-पश्चिमेच्या भिंती धडधाकट.

मला वाटलं, मेशला, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीला, भोकं आहेत. रात्री जागून एकेक बुजवत बसले. सीनिअर म्हणाले, "व्हॉक्सेल एक मीटरचा कर, काही दिसणार नाही." दिसणार नाही हे खरंच! असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा, ऐकू मात्र नका.

घोळ आकड्यांत होता. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये परळचं नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा आकडा, २१ लाख मीटरच्या घरात. मी मधेच फाइल बायनरी एसटीएल या थ्रीडी फॉरमॅटमध्ये काढत होते, आणि त्यात प्रत्येक आकडा ३२ बिटांचा फ्लोट, म्हणजे मोजक्याच अंकांचा दशांश आकडा. त्यातले २४ बिटच अंक सांभाळतात. आकडा २०,९७,१५२ च्या, म्हणजे दोनच्या २१व्या घाताच्या पुढे गेला की लगतच्या दोन आकड्यांत पाव मीटरचं अंतर पडतं. आता १५ सेंटीमीटरचा कठडा घ्या. त्याची आतली आणि बाहेरची बाजू एक तर एकाच जागी येऊन बसते, नाहीतर २५ सेंटीमीटर लांब. मधलं काही नाही. ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचा आकडा, पावणेतीन लाखांच्या जरा खाली, तिथे ही अंतराची पायरी ३ सेंटीमीटरची, म्हणून त्या भिंती वाचल्या. रॉटरडॅमचे डच ग्रिडमधले आकडेही पाच लाखांच्या आतले, त्यामुळे सरावात काही कळलंच नाही. गंमत म्हणजे ती २०,९७,१५२ ची रेघ मुंबईतूनच जाते, सीएसएमटीच्या उत्तरेला साधारण दीड किलोमीटरवरून. फोर्टात पायरी साडेबारा सेंटीमीटरची, परळला पंचवीसची!

उपाय एका ओळीचा. आकडे डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांत, असतानाच जवळचा एखादा मूळबिंदू वजा करा, मग फ्लोट करा. आधी फ्लोट करून मग वजा केलंत तर मेलेल्याला औषध पाजल्यासारखं आहे. मी तेही करून बसले. मूळबिंदू व्हॉक्सेलच्या पटीत धरा, नाहीतर शेजारच्या टाइल्सचे, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचे, सांधे जुळत नाहीत. आणि तो लिहून ठेवा, नाहीतर चाळ परत परळला नेता येणार नाही.

सगळ्यात राग याचा आला की सिटीजेसनमध्ये, म्हणजे शहरांच्या थ्रीडी मॉडेलच्या फॉरमॅटमध्ये, शिरोबिंदू मुळात छोट्या पूर्णांकांतच असतात, स्केल (किती पट करायचं) आणि ट्रान्सलेट (किती सरकवायचं) वेगळे दिलेले असतात. मीच लगबगीने ट्रान्सलेट लावून आकडे फुगवले होते.

घाबरू नका, हे एकदा कळलं की दहा मिनिटांचं काम आहे. फक्त अख्खा वॉर्ड १० सेंटीमीटरने करायला जाऊ नका: १ चौरस किलोमीटर, १०० मीटर उंची, म्हणजे १०,००० कोटी खोके. ओपनव्हीडीबीसारखी, रिकामे खोके न साठवणारी विरळ ग्रिड घ्या, किंवा एकेक इमारत करा.

चाळ आता नीट दिसते. उत्तरेचा कठडा कुठे एक खोका जाड, कुठे दोन, कारण चाळ ग्रिडला जराशी तिरकी आहे. ते मी तसंच ठेवलंय.