बुप्रोपिऑन (उदासीवरची अन् बिडी सोडवायची गोळी) चालू आहे का? मग या चुका टाळा

परवा मेडिकलवर एक काका आले, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणे, "भाऊ, गोळी डुप्लिकेट देली काय? संडासात जशीच्या तशी पडली." म्हटलं काका, ही एक्सएल गोळी आहे, औषध केव्हाच अंगात गेलं, पडलं ते नुसतं टरफल, भुईमुगाच्या शेंगेचं राहते तसं. पण तोवर यांनी दोन दिवस खलबत्त्यात कुटून घेतली होती ना बाप्पा!

एक्सएल किंवा एसआर गोळी दिवसभर थोडं थोडं औषध सोडते, कुटली चावली की सगळा डोस एकदम रक्तात जाते अन् मिरगीसारखे झटके येऊ शकतात. हे औषध अमेरिकेत 1985 ला मंजूर झालं, 1986 ला झटक्यांपायीच बाजारातून काढलं, 1989 ला डोसवर मर्यादा घालून परत आणलं. दिवसाला 300 मिलिग्रॅमपर्यंत हजारात एखाद्याला झटका येते, 450 वर हजारात चार. म्हणून काल राहिली तर आज दोन घ्यायच्या नाही, राहिली ते राहिली.

मिरगी असेल तर आधीच सांगा. अन् रोज मोहाची घेणाऱ्यानं डॉक्टरपासून लपवू नये, कारण दारू एकदम तोडली अन् वरून ही गोळी, तर झटक्याचा धोका आणखी वाढते.

आमच्याकडचा एक बीएस्सीवाला गोळीचं स्ट्रक्चर पाहून म्हणे हे तर नशेचं औषध अ‍ॅम्फेटामाइनच. अर्धं खरं आहे. नरिमन मेहता यांनी 1969 मध्ये बनवलेला हा रेणू कॅथिनोनच्या सांगाड्यावर आहे, म्हणजे खात नावाच्या झाडाच्या पानात असते ते, अ‍ॅम्फेटामाइनच्याच भाऊबंदातलं. बेंझिन रिंगवर क्लोरीन, बाजूला कीटोन, अन् नायट्रोजनवर टर्शरी ब्युटाइलचा जाडजूड गठ्ठा. हा रेणू अ‍ॅम्फेटामाइनसारखा मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन बाहेर ढकलत नाही, फक्त डोपामाइन अन् नॉरअ‍ॅड्रेनालिन परत शोषू देत नाही. नशेसाठी मागाल तर मिळणार नाही राजेहो. पण लघवीच्या टेस्टमध्ये खोटं अ‍ॅम्फेटामाइन पॉझिटिव्ह येऊ शकते, लॅबवाल्याला गोळीचं आधीच सांगून ठेवा.

काही जण तर डुकरं हाकलायला जागलीवर जायचं म्हणून संध्याकाळी घेतात, मग चार दिवस डोळ्याला डोळा नाही. एक्सएल गोळी सकाळचीच.

बिडी सोडायला दिली असेल तर पहिल्याच दिवशी बंडल फेकू नका, आठवडाभर गोळी घेऊन मग बिडी सोडायची तारीख धरा. मन हलकं व्हायला मात्र काही आठवडे लागतात, अन् नेमकं तेव्हाच लोकं गोळ्यांचं पाकीट अर्धं ठेवून बंद करतात.